तीस लाखांचं कलम: एका कोल्हापुरी विंगरच्या कराराचं प्रकरण

कोल्हापुरात फुटबॉल खेळाडू एका तालमीतून, म्हणजे पेठेच्या संघातून, दुसऱ्या तालमीत जातो तेव्हा कागद एकच असतो, केएसएचा म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा नोंदणी अर्ज. बाकी सगळं शब्दावर. नोंदणीचे दिवस जवळ आले की मिरजकर तिकटीपासून निवृत्ती चौकापर्यंत एकच विषय असतो: कोण कुठं चाललाय आणि किती घेऊन चाललाय. आकडा चौकागणिक वाढतो. अर्जावर सही झाली की त्या हंगामापुरतं प्रकरण मिटलं, पुढच्या वर्षी पोरगा पुन्हा मोकळा. या पद्धतीला नावं ठेवायचं मला काही कारण नाही. पेठांचा फुटबॉल तिच्यावर पिढ्यान् पिढ्या चाललाय आणि शाहू स्टेडियम भरतंय.

पण याच पद्धतीत वाढलेल्या पोराच्या हातात एक दिवस बावीस पानी इंग्रजी करार येतो. तेव्हा घरचे त्यातल्या दोनच गोष्टी वाचतात, महिन्याचा पगार आणि सुटायची रक्कम. खालचं प्रकरण त्यातून उभं राहिलं. पोराच्या घरच्यांना विचारूनच लिहितोय. पोराचं, क्लबांचं आणि मध्यस्थाचं नाव गाळलंय, रकमा थोड्या फिरवल्यात. कलमांचा मजकूर मात्र अर्थाला धक्का न लावता दिलाय, कारण सगळा घोळ मजकुरातच आहे.

पोरगा मंगळवार पेठेतल्या एका तालमीचा, डाव्या बाजूने खेळणारा विंगर. वडील गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. व्यवहाराचं सगळं मामा बघतात. 2017 मध्ये भारतात 17 वर्षांखालील विश्वचषक झाला आणि आपल्या अनिकेत जाधवला भारताच्या जर्सीत बघितलं, तेव्हापासून पेठेतल्या प्रत्येक घरात ‘आपलं पोरगं पण’ हे वाक्य एकदा तरी बोललं गेलंय. या पोराला 2022 च्या उन्हाळ्यात परराज्यातल्या एका व्यावसायिक क्लबने तीन वर्षांच्या करारावर घेतलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पहिल्या हंगामात तो बराच खेळला, गोल केले, गोल करवले. मार्च 2023 मध्ये लीग संपली. एप्रिलमध्ये केरळात सुपर कप झाला, त्यातून क्लब लवकर बाहेर पडला. त्यानंतर अफवा सुरू झाल्या.

कलमात काय होतं

मामा माझ्याकडे आले ते मे महिन्याच्या मध्यावर. कराराची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत. बसल्या बसल्या म्हणाले, “वकीलसाहेब, पोरगं अडकलंय की वो. तीस लाख द्यायला माणूस तयार हाय आणि क्लब सोडंना.”

ते ज्याला ‘रिलीज क्लॉज’ म्हणत होते ते कलम चौदाव्या पानावर होतं. मराठीत सांगायचं तर असं: “हंगामातील शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर 30 दिवसांच्या आत दुसऱ्या क्लबकडून रु. 30,00,000 चा लेखी, बिनशर्त व एकरकमी प्रस्ताव मिळाल्यास, क्लब खेळाडूला त्या क्लबशी बोलणी करण्याची परवानगी देईल.”

मामांनी ‘रु. 30,00,000’ खाली पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या. बाकीच्या शब्दांखाली एकही नाही. वास्तविक रकमेबद्दल भांडण नव्हतंच. भांडण होतं ते ‘शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर’, ‘बिनशर्त’, ‘एकरकमी’ आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘बोलणी करण्याची परवानगी’ या शब्दांचं.

हे शेवटचे शब्द घरच्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला, कारण त्यांच्या डोक्यात स्पेन होतं. तालमीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी लिहीत होतं, क्लॉज भरला की क्लबचा बाप काही करू शकत नाही. स्पेनमध्ये ते खरंय. तिथे 1985 चा शाही फर्मान क्रमांक 1006 नावाचा कायदा आहे. त्याच्या सोळाव्या कलमाने व्यावसायिक खेळाडूला भरपाई देऊन करार एकतर्फी संपवायचा हक्क दिलाय. भरपाई किती ते करारात लिहिलेलं नसेल तर कामगार न्यायालय ठरवतं. म्हणून तिथले क्लब आधीच डोळे फिरतील असा आकडा लिहून ठेवतात. ती रक्कम कायद्याच्या नजरेत खेळाडू भरतो, क्लबची संमती लागत नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये नेमारसाठी 22 कोटी 20 लाख युरो अशाच रीतीने भरले गेले. ला लिगा म्हणजे स्पॅनिश लीग, तिच्या कार्यालयाने ते आधी घ्यायलाच नकार दिला, तेव्हा त्याच्या वकिलांनी पैसे थेट बार्सिलोनाकडे जमा केले. नेमार पॅरिसला गेला आणि बार्सिलोना बघत बसलं. पेठेत तेव्हा यावर किती वाद झाले असतील ते सांगायला नको.

भारतात असा कायदा नाही. इंग्लंडमध्येही नाही. जिथे कायदा नाही तिथे कलमाचा अर्थ त्या कलमात लिहिलंय तेवढाच, त्यापलीकडे एक अक्षर नाही. यासाठी मी मामांना लुईस सुआरेझचं उदाहरण दिलं. 2013 मध्ये आर्सेनलने लिव्हरपूलला त्याच्यासाठी 4 कोटी पौंड अधिक 1 पौंड देऊ केले होते. करारात 4 कोटींचं कलम आहे असं त्यांना कळलं होतं, म्हणून वर तो एक पौंड. लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी, आर्सेनलच्या एमिरेट्स मैदानावर ही मंडळी काय ओढत बसलीत, अशी जाहीर टर उडवली आणि खेळाडू सोडला नाही. पुढच्या वर्षी त्यांनीच एका परिषदेत कलम होतं हे कबूल केलं, पण आम्ही विकायचं नाही असं ठरवलं, म्हणाले. आर्सेनल कोर्टात गेलं नाही. सुआरेझने डिसेंबरमध्ये नवा करार केला आणि 2014 मध्ये बार्सिलोनाला गेला, बऱ्याच जास्त रकमेत. लेखी कलम, त्याहून एक पौंड जास्त, आणि तरी खेळाडू जागच्या जागी.

आपल्या पोराच्या कलमात तर सोडायचं वचन कुठेच नव्हतं. परवानगी होती ती बोलायची. बोलून झाल्यावर क्लबने ना-हरकत पत्र दिलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. कलम लिहिणारा वकील हुशार होता एवढंच म्हणतो.

अफवा, एकेक करून

मामांचं पक्कं मत होतं की क्लबनेच बातम्या पेरल्या. मी त्यांना सगळ्या पोस्ट तारखेप्रमाणे लावायला सांगितल्या. भाच्याने मोबाईलवरून स्क्रीनशॉट काढून दिले.

पहिली पोस्ट सुपर कपमधून बाहेर पडल्याच्या दुसऱ्या रात्रीची, इन्स्टाग्रामवरच्या एका फुटबॉल पेजवर. ‘कोल्हापूरचा वाघ मोठ्या क्लबच्या रडारवर. क्लॉज फक्त 30 लाख!’ यातला ‘मोठा क्लब’ कोण ते नाही, ‘रडार’ म्हणजे काय ते नाही, पण आकडा रुपयाला रुपया बरोबर. गोपनीय करारातला आकडा अचूक छापला जातो तेव्हा तो अंदाज नसतो, कागद पाहिलेल्या कुणीतरी तो दिलेला असतो. कराराच्या प्रती तीन ठिकाणी होत्या, क्लबकडे, घरात आणि मध्यस्थाकडे. क्लबला स्वतःच्या खेळाडूची किंमत कमी आहे हे गावभर सांगून काही मिळायचं नव्हतं. मध्यस्थाला मिळायचं होतं. पोरगा हलला तरच त्याचा हिस्सा.

इथपर्यंत सरळ होतं. मग भाच्याने हळूच सांगितलं की करार झाला तेव्हा मामांनी चौदाव्या पानाचा फोटो कौतुकाने एका मित्राला पाठवला होता. मामा खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणजे प्रत चौथी, आणि तो फोटो पुढे किती फिरला याचा हिशेब कुणाकडेच नाही. तेव्हा आकडा फोडला कुणी, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. फायद्याच्या दिशेने बोट मध्यस्थाकडे जातं, पुरावा जात नाही.

दुसरी पोस्ट आठवडाभराने. ‘1 कोटीची ऑफर फेटाळली!’ ही निखालस खोटी. अशी ऑफर कुणी दिली नव्हती, म्हणून फेटाळायचा प्रश्नच नव्हता. जरा विचार केला तरी हे कळतं: तीस लाखांत पोरगा सुटतोय असं ज्याला वाटतं, तो एक कोटी का देईल? पहिली पोस्ट छापणाऱ्याच पेजने दुसरी छापली आणि खाली कमेंट करणाऱ्या शेकडो लोकांपैकी एकालाही हे खटकलं नाही.

तिसरी मजेशीर. सुट्टी लागली म्हणून पोरगा घरी आला आणि संध्याकाळी मित्रांबरोबर शाहू स्टेडियमवर मॅच बघायला बसला. कुणीतरी फोटो काढला. ‘कोल्हापुरात परतला! करार मोडणार?’ त्याच्या हातात शेंगदाण्याचा पुडा दिसतोय. त्या पुड्यातून करार मोडायचा इरादा कुणाला कसा दिसला देव जाणे, पण या पोस्टचा परिणाम मात्र खरा झाला. क्लबच्या संचालकाने रात्री फोन करून विचारलं की तू नेमका कुठे आहेस आणि का आहेस. सुट्टी त्यांनीच दिली होती.

सगळ्या अफवा खोट्या असतात असं मात्र नाही. 23 एप्रिल 2013 रोजी मारिओ गोट्झे डॉर्टमुंड सोडून बायर्नला चालल्याची बातमी फुटली. दुसऱ्या दिवशी डॉर्टमुंडची रेआल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीगची उपांत्य लढत. वेळ इतकी वाईट की लोकांना ती मुद्दाम पेरलेली वाटली. बातमी मात्र खरी होती. त्याच्या करारात 3 कोटी 70 लाख युरोचं कलम होतं आणि बायर्नने ते वापरलंच. त्या बातमीत आणि आपल्या पेजवरच्या पोस्टमध्ये फरक हा की तिथे घेणारा कोण हे नावानिशी होतं, कलम कुठल्या वाटेने वापरलं जातंय ते होतं, आणि क्लबला जाहीरपणे हो म्हणावं लागलं. आपल्याकडे होता फक्त आकडा. आकडा खरा आणि बातमी खोटी असं सर्रास होतं, आणि वाचणारा आकडा खरा निघाला म्हणून बातमीवर विश्वास ठेवतो. पोराच्या घरच्यांचं हेच झालं. पहिल्या पोस्टमधला तीस लाखांचा आकडा फाईलशी जुळला, त्यामुळे पुढचं सगळंच त्यांना खरं वाटायला लागलं.

प्रस्ताव आला, पण कसा

प्रस्ताव खरोखरच आला. 4 मे रोजी, दुसऱ्या एका क्लबकडून, मेलवर. मी तो छापून घेतला आणि चौदाव्या पानाशेजारी ठेवून वाचला.

रक्कम 30 लाख, बरोबर. पण 10 लाख सही होताना, 10 सप्टेंबरमध्ये, 10 जानेवारीत. म्हणजे एकरकमी नाही. पुढे ‘वैद्यकीय तपासणी आणि मानधनाबाबत सहमती यांच्या अधीन राहून’. म्हणजे बिनशर्त नाही. मेल गेला होता मुख्य प्रशिक्षकाच्या पत्त्यावर आणि मध्यस्थाला सीसी. करारात शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं की नोटीस क्लबच्या नोंदणीकृत कार्यालयात किंवा सचिवांच्या ठरलेल्या मेलवरच चालेल. मध्यस्थाने हा व्यवहार शेतजमिनीसारखा केला होता, आधी विसार टेकवायचा, बाकीचं रजिस्ट्रीला बघू. या कलमात विसाराला जागाच नव्हती. आणि हा मध्यस्थ एआयएफएफकडे, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे, नोंद असलेलाही नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून फिफाने एजंटला परवाना सक्तीचा केला. आता फिफाच्या यादीत नाव आहे की नाही ते कुणालाही बघता येतं, आणि ते बघावंच.

हप्त्यांच्या बाबतीत दुसऱ्या क्लबने काही जगावेगळं केलं नव्हतं. तीनच महिन्यांपूर्वी, 31 जानेवारी 2023 ला, चेल्सीने बेन्फिकाकडून एन्झो फर्नांडेझला घेतलं होतं. कतारमध्ये अर्जेंटिना जिंकली तेव्हाचा सर्वोत्तम तरुण खेळाडू तो, त्यामुळे पोराला ती गोष्ट पाठ होती. एन्झोचं कलम 12 कोटी युरोचं होतं. ते सरळ भरायचं तर सगळे पैसे एकदम हवेत. चेल्सीला हप्ते हवे होते. म्हणजे कलम वापरणं नव्हे, बेन्फिकाशी वाटाघाट करणं. शेवटी आकडा ठरला सुमारे 12 कोटी 10 लाख, हप्त्यांमध्ये. मुदत मिळवायची तर कलमातल्या रकमेच्या वर थोडं द्यावं लागतं, हा सरळ व्यवहार झाला. आपल्या बाबतीत दुसऱ्या क्लबला हप्तेही हवे होते आणि रकमेत एक रुपयाही वाढवायचा नव्हता, तरी त्यांनी पत्रात ‘कलमानुसार’ असा शब्द टाकला होता. क्लबने एका ओळीत उत्तर दिलं: प्रस्ताव कलमात बसत नाही, आणि मुदतही संपली आहे.

मुदत. इथे मात्र क्लबची बाजू वाटते तेवढी भक्कम नव्हती.

क्लब 30 दिवस मोजत होता लीगच्या शेवटच्या सामन्यापासून, म्हणजे मार्चपासून. त्या हिशेबाने मुदत एप्रिलमध्येच संपली. घरचे मोजत होते सुपर कपमधल्या शेवटच्या सामन्यापासून. त्या हिशेबाने 4 मे आत बसते. ऐकताना पोरगाच म्हणाला, “मेस्सीसारखं झालं.” खरंच तसं होतं. 2020 मध्ये मेस्सीच्या बार्सिलोनाशी असलेल्या करारात हंगाम संपताना फुकट सुटायची तरतूद होती आणि ती वापरायची शेवटची तारीख होती 10 जून. कोरोनामुळे त्या वर्षीचा हंगाम ऑगस्टपर्यंत लांबला. बायर्नकडून 8-2 ने धुलाई झाली तीच 14 ऑगस्टला. मेस्सीने ऑगस्टअखेर नोटीस पाठवली. त्याची बाजू अशी की हंगाम आत्ता संपला. क्लबची अशी की तारीख म्हणजे तारीख, आता जायचं तर 70 कोटी युरो. ला लिगाने क्लबची री ओढली आणि मेस्सी कोर्टात न जाता वर्षभर थांबला.

तिथे कागदावर तारीख होती, इथे नव्हती. ‘हंगामातील शेवटचा अधिकृत सामना’ एवढंच. दुसऱ्या पानावरच्या व्याख्यांमध्ये ‘हंगाम’ म्हणजे लीगच्या पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंतचा काळ असं होतं. हे क्लबच्या बाजूचं. पण अकराव्या पानावर बोनसचा तक्ता होता, आणि तिथे ‘हंगामातील अधिकृत सामने’ या शीर्षकाखाली लीग आणि सुपर कप दोन्ही लिहिलेले होते. पोराला सुपर कपमधल्या गोलसाठी त्याच तक्त्याप्रमाणे बोनस मिळालाही होता, बँकेच्या पासबुकात नोंद होती. म्हणजे पैसे देताना सुपर कप हंगामात, पोराला सोडताना हंगामाबाहेर. कराराच्या शब्दांचे दोन अर्थ निघत असतील तर ज्याने करार लिहिला त्याच्याविरुद्ध जाणारा अर्थ घ्यायचा, हा जुना नियम आहे. बावीस पानं क्लबच्या वकिलांनी लिहिली होती. आम्हाला एवढं एक टोक हाताला लागलं.

“तोडून टाकू”

मामांना टोक बिक नको होतं. “करारच तोडू. कोर्टात जाऊ.” मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तेव्हा कोल्हापुरात यायचं होतं, कोर्टात जाऊ म्हणजे मुंबई. त्यातही करारात वाद आधी महासंघाच्या खेळाडू स्थिती समितीपुढे न्यायचा असं कलम होतं.

आणि तोडून काय होतं? फिफाच्या नियमांच्या सतराव्या कलमात ‘संरक्षित काळ’ आहे. खेळाडूने 28 वर्षांच्या आधी सही केली असेल तर पहिली तीन वर्षं किंवा तीन हंगाम, जे आधी संपेल ते. त्या काळात विनाकारण करार मोडला तर भरपाई वेगळी आणि वर चार महिने मैदानाबाहेर. पोराचा एकच हंगाम झाला होता. अँडी वेबस्टर नावाचा स्कॉटलंडचा बचावपटू संरक्षित काळ संपल्यावर हार्ट्स सोडून गेला होता. 2008 मध्ये क्रीडा लवादाने त्याच्यावर दीड लाख पौंडांचीच भरपाई लावली. ती गोष्ट मध्यस्थाने घरच्यांना सांगितली होती, फक्त ‘काळ संपल्यावर’ हे शब्द वगळून.

मग मामा म्हणाले, तीस लाख आपणच भरले तर? गावात उभे करू. हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही, कारण स्पेनमध्ये नेमकं हेच होतं. पण कलमात ‘दुसऱ्या क्लबकडून’ असं होतं. आपण भरले तर ते कलम वापरणं होत नाही, करारभंग होतो. आणि भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारभंगासाठी ठरवून लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. इथे तीस लाख करारभंगासाठी लिहिलेच नव्हते. म्हणजे ती मर्यादाही मिळणार नाही, तीस भरून वर आणखी किती मागतील त्याला धरबंध नाही.

पुढच्याच वर्षी भारताचा बचावपटू अन्वर अलीचं प्रकरण घडलं. मोहन बागानशी करार असताना तो ईस्ट बंगालला गेला. सप्टेंबर 2024 मध्ये समितीने चार महिन्यांची बंदी आणि 12 कोटी 90 लाखांची भरपाई लावली. दिल्ली उच्च न्यायालयात तो आदेश टिकला नाही, मागे घेऊन पुन्हा सुनावणी घ्यावी लागली. पण आदेश निघाला त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. फार काही बोलले नाहीत. “बघितलं काय?” एवढंच.

काय ठरलं

मी क्लबला धमकीची नोटीस पाठवली नाही. तीन पानी पत्र पाठवलं, सोबत अकराव्या पानाची आणि पासबुकाची प्रत. पत्रात एवढंच म्हटलं की मुदतीचा अर्थ समितीपुढे नेला तर तुमच्याच बोनस तक्त्याचं स्पष्टीकरण तुम्हाला द्यावं लागेल, आणि चौदाव्या पानावरचं कलम आजच्या रूपात दोघांनाही त्रासदायक आहे. दरम्यान दुसऱ्या क्लबने जूनमध्ये दुसराच विंगर घेतला. ज्या ‘मोठ्या क्लब’साठी गावाने दोन महिने श्वास रोखला होता त्याला ना पोराची एवढी गरज होती, ना तीस लाख एकदम मोजायची तयारी. पेजवर याबद्दल पोस्ट आली नाही.

जुलैमध्ये नवा करार झाला, मे 2026 पर्यंतचा. पगार बऱ्यापैकी वाढला. सुटायची रक्कम 45 लाखांवर गेली. यावर घरात नाराजी होती, मला नव्हती, कारण बाकीचं बदललं. ‘बोलणी करण्याची परवानगी’ गेलं, त्याजागी ‘क्लब खेळाडूला मुक्त करील व सात दिवसांत ना-हरकत पत्र देईल’ आलं. दोन हप्ते चालतील, पण पहिला निम्म्याहून कमी नको. वैद्यकीय तपासणीची अट चालेल. नोटीस सचिवांच्या मेलवर, पोच दिली नाही तरी पाठवल्याची वेळ धरायची. आणि मुदत सामन्यापासून नाही, कॅलेंडरवर: दर वर्षी 1 मे ते 15 जून. ही शेवटची ओळ मी हट्टाने घातली. 2025 च्या जुलैत आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, नवा हंगामच अनिश्चित काळासाठी थांबवला गेला तेव्हा ‘हंगामाचा शेवट’ असं लिहिलेल्या कितीतरी करारांचं काय झालं असेल याचा विचार मनात आला.

क्लबने मसुद्यात आणखी एक गोष्ट घुसवली होती. करार संपल्यावर दुसरा कुणी जे देईल ते आम्ही देऊ शकलो तर पहिला हक्क आमचा. ते एका वाक्यात निघालं. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या खटल्यात, परसेप्ट डी’मार्क विरुद्ध झहीर खान, सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच सांगितलंय की मुदत संपल्यानंतरचा असा बांध करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही. समोरच्या वकिलाने फोनवर “हो, ते काढतो” म्हटलं आणि काढलं.

तालमीचे सचिवही एकदा मामांबरोबर आले होते. पोरगा घडवला आम्ही, आम्हाला काय? प्रश्न रास्त आहे. फिफाच्या एकता निधीत हस्तांतरण रकमेचे 5 टक्के, खेळाडूच्या 12 ते 23 या वयात तो ज्या ज्या क्लबांत नोंद होता त्यांना वाटले जातात. 12 ते 15 या वर्षांसाठी दर हंगामाला 0.25 टक्के, 16 पासून पुढे 0.5. पण व्यवहाराला आंतरराष्ट्रीय बाजू असेल तरच. उद्या हा पोरगा 1 कोटीत परदेशी गेला आणि 16 ते 18 ही तीन वर्षं तालमीत नोंद निघाली, तर तालमीला दीड लाख मिळू शकतात. सचिवांनी विचारलं, नोंद म्हणजे आमचं रजिस्टर चालेल का? चालत नाही, महासंघाच्या ऑनलाईन नोंदणीत नाव लागतं. सोळाव्या वर्षी ते होतं, त्याआधीच्या चार वर्षांचं नव्हतं. चौदा वर्षांखालच्या पोरांचे जन्मदाखले गोळा करायला त्यांनी त्याच आठवड्यात सुरुवात केली, असं कानावर आलं.

नव्या करारातली एक गोष्ट मला पटली नाही आणि अजूनही पटत नाही. मे 2026 नंतर एक वर्ष करार वाढवायचा हक्क क्लबला एकट्याला आहे, जुन्याच पगारावर, पोराला विचारायची गरज नाही. अशा एकतर्फी वाढीकडे फिफाच्या वाद निवारण कक्षाने वेळोवेळी नाराजीनेच पाहिलंय, पण म्हणून ती आपोआप रद्द होत नाही, भांडावं लागतं. निदान वाढीव वर्षाला पगारवाढ तरी लिहून घ्या, असं मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, “पगार आत्ताच वाढवलाय की, आता आणि कशाला ताणायचं?” पोरगा म्हणाला, मला खेळायचंय. त्याच दुपारी सही झाली.